पक्ष कोणाचा ते ठरले, पण नंदुरबारचा मतदार मोजला गेला का?

१० मे २०२४ रोजी नंदुरबारला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची प्रचारसभा झाली. मतदान तीन दिवसांवर होते. लढत भाजपच्या हिना गावित आणि काँग्रेसचे गोवाल पाडवी यांच्यात होती. मतपत्रिकेवर ना उद्धव ठाकरे यांच्या पक्षाचा उमेदवार होता, ना शरद पवार यांच्या. तरीही त्या सभेतून राज्यभर जी बातमी गेली ती या दोघांबद्दलची होती. 'नकली' शिवसेना आणि 'नकली' राष्ट्रवादीने काँग्रेसमध्ये विलीन होऊन संपण्यापेक्षा एकनाथ शिंदे आणि अजित पवार यांच्याकडे यावे, असा सल्ला पंतप्रधानांनी दिला. सातपुड्याच्या पायथ्याशी जमलेल्या आदिवासी श्रोत्यांपुढे मुंबईतल्या दोन पक्षांच्या मालकीचा खटला मांडला गेला.

निकाल सर्वांना माहीत आहे. गोवाल पाडवी दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. त्यावरून अनेकांनी लगेच लिहून टाकले की फोडाफोडीचा राग मतदाराने काढला. सहा महिन्यांनी विधानसभा झाली. याच लोकसभा क्षेत्रातल्या सहा जागांपैकी काँग्रेसच्या हाती एक नवापूर राहिले, तेही अकराशे-बाराशे मतांच्या फरकाने. अक्कलकुवा आणि साक्री शिंदे यांच्या शिवसेनेकडे गेले. शहादा, नंदुरबार आणि शिरपूर भाजपकडे. मग मतदाराचा राग सहा महिन्यांत निवला काय?

आमच्या मते तो राग होता, पण ज्याला राजकीय विश्लेषक 'गद्दारीचा राग' म्हणतात तो नव्हे. लोकसभेला आदिवासी मतदाराच्या मनात दोन भीती होत्या. चारशे पारच्या घोषणेनंतर संविधानाचे काय होणार, ही एक. आणि धनगर समाजाला अनुसूचित जमातीत आणण्याच्या मागणीमुळे आपल्या आरक्षणाचे काय होणार, ही दुसरी. पहिली भीती आपल्या वस्त्यांतही तेवढीच होती. त्यात दहा वर्षे एकाच घरात राहिलेल्या खासदारकीचा कंटाळा मिसळला. पक्ष कोणाचा हा प्रश्न या रांगेत बराच मागे होता. विधानसभेला त्या भीतीची जागा लाडकी बहीण योजनेच्या दीड हजार रुपयांनी आणि गावागावांतल्या घराण्यांच्या हिशेबाने घेतली.

तरीही नेतृत्वाच्या बंडाचा परिणाम झालाच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. परिणाम झाला, पण मतदाराच्या मनावर नव्हे. मतदाराच्या हातातल्या मताच्या किमतीवर. ते समजून घ्यायचे तर अक्कलकुव्याची गोष्ट तपशिलात पाहावी लागते.

२०१९ च्या विधानसभेला युतीत अक्कलकुवा शिवसेनेकडे होते. आमश्या पाडवी यांनी धनुष्यबाणावर काँग्रेसचे ज्येष्ठ नेते के. सी. पाडवी यांना घाम फोडला. ऐंशी हजारांच्या आसपास मते घेऊन ते दोन हजारांच्या आसपास फरकाने हरले. पुढे शिवसेनेने त्यांना विधान परिषदेची उमेदवारी दिली. ती निवडणूक २० जून २०२२ रोजी झाली आणि आमश्या पाडवी आमदार झाले. त्याच रात्री एकनाथ शिंदे आपल्या समर्थक आमदारांसह मुंबई सोडून सुरतेकडे गेले. पुढे सुरतहून गुवाहाटी आणि त्यानंतरचे सारे आपण पाहिले. आमश्या पाडवी त्या वेळी ठाकरे यांच्याबरोबर राहिले. मार्च २०२४ मध्ये ते शिंदे यांच्याकडे गेले आणि नोव्हेंबरमध्ये धनुष्यबाणावरच अक्कलकुव्यातून निवडून आले.

उमेदवार तोच, चिन्ह तेच, विरोधकही तोच. बदलला तो पक्षाचा प्रमुख. मते मात्र २०१९ पेक्षा कमी पडली, बहात्तर हजारांच्या आसपास. तरी ते जिंकले, कारण हिना गावित भाजपचा राजीनामा देऊन अपक्ष उभ्या राहिल्या आणि तिरंगी लढत झाली. के. सी. पाडवी तीन हजारांहूनही कमी मतांनी पडले. आता सांगा, या निकालात शिंदे यांच्या नेतृत्वाला कौल मिळाला म्हणायचे की ठाकरे यांना सोडल्याची शिक्षा? दोन्ही बाजूंचे प्रवक्ते आपापले उत्तर काढतील. आम्हाला तरी या आकड्यांतून यांपैकी एकही उत्तर निघताना दिसत नाही.

याच्याही आधी एक गोष्ट घडून गेली होती, तिच्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले. हा निर्णय १९६८ च्या निवडणूक चिन्ह आदेशाच्या पंधराव्या परिच्छेदाखाली झाला. १९७१ च्या सादिक अली खटल्यापासून अशा वादात तीन कसोट्या लावल्या जातात. पक्षाच्या ध्येयधोरणाशी कोण प्रामाणिक आहे, पक्षाच्या घटनेप्रमाणे कोण चालले आणि बहुमत कोणाकडे आहे. आयोगाने म्हटले की पहिल्या दोन कसोट्यांवरून निष्कर्ष निघत नाही. शिवसेनेची २०१८ ची घटना तर लोकशाहीला धरून नाही. उरले बहुमत, तेही सभागृहातले. ५५ पैकी ४० आमदार आणि १८ पैकी १३ खासदार शिंदे यांच्याकडे होते.

आयोग इथे थांबला नाही. त्याने त्या ४० आमदारांना २०१९ मध्ये मिळालेली मतेही मोजली. ती सुमारे साडेछत्तीस लाख भरली, म्हणजे विजयी ५५ आमदारांना मिळालेल्या एकूण मतांच्या ७६ टक्के. ठाकरे यांच्याबरोबरच्या १५ आमदारांची मते सव्वा अकरा लाखांच्या आसपास. म्हणजे २०१९ मध्ये युतीला, भाजपसोबतच्या शिवसेनेला, उद्धव ठाकरे पक्षप्रमुख असताना दिलेले मत २०२२ च्या बंडाला दिलेला पाठिंबा म्हणून धरले गेले. मतदाराला विचारले कुणी?

आणखी एक बाब आहे. शिवसेनेला २०१९ मध्ये राज्यात सुमारे नव्वद लाख मते मिळाली होती. त्यातली बेचाळीस लाखांहून अधिक मते हरलेल्या उमेदवारांची. ती या बेरजेत कुठेच नाहीत. नंदुरबार जिल्ह्यात शिवसेनेने युतीतून लढवलेली जागा अक्कलकुवा होती आणि तिथे पक्ष हरला होता. याचा साधा अर्थ असा की 'खरी शिवसेना कोणाची' या निवाड्यात या जिल्ह्यातल्या एकाही शिवसेना मतदाराचे मत धरले गेले नाही. धडगावच्या पाड्यावरून उन्हात चालत जाऊन ज्याने बटण दाबले, नर्मदेच्या बुडिताकाठी जिथे मतदान पथक पाण्यातून न्यावे लागते तिथे ज्याने बटण दाबले, त्याचा पक्ष कोणाचा हे इतर जिल्ह्यांतल्या विजयी आमदारांच्या मतांवरून ठरले. निर्णय ठाकरे यांच्या बाजूने लागला असता तरी मोजणीची ही पद्धत आम्हाला मान्य झाली नसती.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे योग्य नव्हते असे म्हटले, शिंदे गटाच्या प्रतोदाची नेमणूक बेकायदा ठरवली आणि तरीही ठाकरे यांनी स्वतः राजीनामा दिल्याने त्यांना परत बसवता येत नाही असे सांगितले. अपात्रतेचा प्रश्न विधानसभा अध्यक्षांकडे गेला. १० जानेवारी २०२४ ला राहुल नार्वेकर यांनी दोन्हीकडच्या कुणालाच अपात्र ठरवले नाही. पुढच्याच महिन्यात राष्ट्रवादीचाही तसाच निवाडा झाला. ज्या दहाव्या परिशिष्टाला १९८५ मध्ये पक्षांतरबंदी म्हणून संविधानात आणले, २००३ मध्ये एक-तृतीयांश फुटीची पळवाट ज्यातून काढली, त्या कायद्याखाली महाराष्ट्रातल्या या दोन सर्वांत मोठ्या फुटींत एकाही आमदाराची आमदारकी गेली नाही.

चिन्हाचा घोळ मात्र मतदाराच्या माथी आला. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातला दिंडोरी मतदारसंघही अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे. २०२४ मध्ये तिथे शरद पवार गटाचे भास्कर भगरे तुतारी वाजवणारा माणूस या नव्या चिन्हावर उभे होते. भगरे याच आडनावाच्या एका अपक्षाला तुतारीशी मिळतेजुळते, लोक ज्याला पिपाणी म्हणू लागले ते चिन्ह मिळाले. त्याला एक लाखाहून अधिक मते पडली. भास्कर भगरे त्यातूनही निवडून आले. साताऱ्यात मात्र पिपाणीला पडलेली मते शशिकांत शिंदे यांच्या पराभवाच्या फरकापेक्षा जास्त होती. जिथे शाळा लांब आहे आणि मत चिन्ह पाहून दिले जाते, तिथे चिन्ह काढून घेणे म्हणजे मतदाराला अर्धे आंधळे करणे. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता ६४ टक्के होती.

अर्थात चिन्ह बदलले की मतदार हरवतोच असेही नाही. याच मतदारसंघाचा जुना दाखला आहे. १९७७ मध्ये देशभर काँग्रेसची धूळधाण झाली तेव्हा नंदुरबारने सुरुपसिंग नाईक यांना काँग्रेसकडून लोकसभेत पाठवले. १९७८ मध्ये काँग्रेस फुटली. गायवासरू गेले, हात आला. १९८० मध्ये नंदुरबारने पुन्हा सुरुपसिंग नाईक यांनाच निवडले, या वेळी इंदिरा काँग्रेसकडून. त्यांच्यानंतर १९८१ पासून माणिकराव गावित सलग नऊ वेळा निवडून आले. त्या फुटीत नेता, कार्यकर्ता आणि मतदार एकाच बाजूला राहिले म्हणून चिन्हाने काही बिघडले नाही. इंदिराबाईंचे नाव पाड्यापाड्यापर्यंत पोचलेले होते. आजच्या फुटीत तसे नाव कुणाचेच नाही. नाव आहे ते स्थानिक घराण्याचे. पक्ष त्या घराण्याच्या मागे येतो.

२०२४ च्या विधानसभेला हे उघडेच पडले. विजयकुमार गावित नंदुरबारमधून भाजपचे उमेदवार. त्यांची मुलगी हिना अक्कलकुव्यातून अपक्ष. भाऊ शरद गावित नवापुरातून अपक्ष. दुसरे भाऊ राजेंद्रकुमार गावित शहाद्यातून काँग्रेसचे उमेदवार, तेही भाजपच्या विरोधात. जिल्ह्यातल्या चारही जागांवर एकच घर, तीन वेगवेगळ्या झेंड्यांखाली. त्यांतले एकटे विजयकुमार जिंकले, पंचाहत्तर हजारांहून अधिक मतांनी. विजयकुमार यांचा स्वतःचा प्रवास अपक्ष, राष्ट्रवादी, भाजप असा. शरद गावित २००९ मध्ये समाजवादी पक्षाकडून आमदार होते. दुसऱ्या बाजूला चंद्रकांत रघुवंशी काँग्रेसमधून २०१९ ला शिवसेनेत, २०२२ ला शिंदे यांच्याबरोबर आणि २०२५ मध्ये त्या पक्षाकडून विधान परिषदेवर. माजी मंत्री पद्माकर वळवी काँग्रेसमधून भाजपमध्ये. हे आम्ही कुणाची हेटाळणी म्हणून लिहीत नाही. ज्या जिल्ह्यात पक्षाची शाखा म्हणजे एका घराची ओसरी असते, तिथे मुंबईतले बंड ही त्या घरांसाठी नवी सोय ठरते, एवढेच दाखवायचे आहे. एकाच महायुतीतले गावित आणि रघुवंशी यांचे वैर जगजाहीर आहे. हिना गावित यांनी पक्ष सोडताना मित्रपक्षच आपल्या विरोधात काम करतो असा आरोप केला होता.

जिल्हा परिषदेत तर मतदाराची फारच थट्टा झाली. जानेवारी २०२० च्या निवडणुकीत ५६ पैकी काँग्रेसला २३, भाजपला २३, शिवसेनेला ७ आणि राष्ट्रवादीला ३ जागा मिळाल्या. शिवसेनेच्या मदतीने काँग्रेसच्या सीमा वळवी अध्यक्ष झाल्या. जून २०२२ मध्ये मुंबईत सरकार बदलले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये अध्यक्षपद भाजपच्या सुप्रिया गावित यांच्याकडे गेले. मधल्या काळात काही जागांच्या पोटनिवडणुका झाल्या होत्या खऱ्या, पण सत्ता फिरली ती सभागृहातल्या सदस्यांच्या हालचालीने. स्थानिक संस्थांतल्या पक्षांतरासाठी १९८६ पासून वेगळा कायदा आहे. तो वापरायला कुणीतरी तक्रार घेऊन उभे राहावे लागते, आणि जो आज तक्रार करणार तोच उद्या पक्ष बदलणार असेल तर ती करणार कोण?

आता आपल्याकडे वळू. हे सगळे आदिवासी समाजाच्या नेतृत्वाचे आणि दोन मोठ्या पक्षांचे भांडण आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे काही तरुण म्हणतात. जिल्ह्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या ६९ टक्क्यांच्या घरात आहे, अनुसूचित जातींची तीन टक्क्यांच्या आत. त्यातही सगळे बौद्ध नाहीत. लोकसभा आणि विधानसभेच्या साऱ्या जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत आणि त्या तशाच असायला हव्यात. त्यामुळे इथला बौद्ध तरुण आमदारकीचा उमेदवार होऊ शकत नाही. त्याच्याकडे आहे ते मत, आणि कार्यकर्ता म्हणून राबणारे दोन हात. नवापूर अकराशे-बाराशे मतांवर आणि अक्कलकुवा तीन हजारांच्या आत ठरते, तेव्हा थोड्यांच्या मताला किंमत नाही असे कोण म्हणेल? फूट पडली की एका पक्षाचे दोन होतात, पदांची संख्या दुप्पट होते आणि दोन्हीकडून वस्तीत फोन येऊ लागतात. मागासवर्गीय सेलचे जिल्हा उपाध्यक्ष, शहर संघटक, युवा सेनेचे अमुक. १४ एप्रिलच्या फलकावर फोटो कुणाचा लावायचा यावरून एका विहारात दोन गट पडतात. शिवसेना मुंबईत फुटली तेव्हा तिचे फाटलेले टोक आपल्या विहाराच्या दारापर्यंत आले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आणि फुटीचा अनुभव आपल्याइतका दुसऱ्या कुणाला आहे? ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. त्याच वर्षी दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर गेले होते. दोन वर्षांच्या आत पक्षात बी. सी. कांबळे आणि दादासाहेब असे दोन तट पडले. 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' हे शब्द तेव्हाचे. एकीकडे शिकलेल्यांचा, घटनात्मक मार्गाचा आग्रह. दुसरीकडे खेड्यातल्या भूमिहीनांना घेऊन रस्त्यावर उतरणे. १९५९ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात आपला खानदेशही होता. त्या सत्याग्रहातली जमिनीची मागणी आजच्या वनपट्ट्यांच्या मागणीपासून फार दूर नाही. १९६२ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे तीन खासदार निवडून आले ते तिन्ही उत्तर प्रदेशातून; महाराष्ट्रातून एकही नाही. संयुक्त महाराष्ट्राची लाट ओसरली होती हे कारण होतेच, पण मतदारापुढे दोन पक्ष उभे होते हेही होते.

पुढे १९९८ आले. प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, रामदास आठवले उत्तर-मध्य मुंबईतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून. चौघेही खुल्या जागांवरून, काँग्रेसशी आघाडी करून. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना ती रात्र आठवत असेल. वर्षभरात वाटा वेगळ्या झाल्या आणि १९९९ मध्ये त्यांतले दोघेच उरले, तेही दोन वेगळ्या पक्षांतून. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती आज बहुजन समाज पक्षाकडे आहे. वंचित बहुजन आघाडीचा मतदार कधी कपबशी शोधतो, कधी गॅस सिलिंडर, कधी प्रेशर कुकर. धनुष्यबाण गेल्यावर शिवसैनिक जो आक्रोश करत होते, तो आपल्या समाजाने कधीच केला नाही. आपण नवे चिन्ह पाठ केले आणि घरोघर सांगत फिरलो. त्यात आपल्या कार्यकर्त्याची ताकदही दिसते, आणि आपल्या नेत्यांना कुणी जाब विचारला नाही हेही दिसते.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणातल्या विभूतिपूजेबद्दल जो इशारा दिला होता, तो आपण जयंतीला वाचतो आणि पक्षाच्या बैठकीत विसरतो. ज्या पक्षात अध्यक्षाची खरी निवडणूक होत नाही, तिथे नेतृत्वाला आव्हान द्यायचे तर बंडच करावे लागते आणि बंड केले की पक्ष फुटतो. शिवसेनेच्या घटनेवर आयोगाने जो ठपका ठेवला तो आपल्या बहुतेक गटांच्या घटनांवरही ठेवता येईल. आयोगाची मोजणी आम्हाला चुकीची वाटते, हा ठपका मात्र बरोबर वाटतो.

नंदुरबार जिल्हा परिषदेची मुदत संपून प्रशासक आला आहे. निवडणूक लागेल तेव्हा उमेदवार विहारात येतील, पंचशील घेतील, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालतील. या वेळी हार घालण्याआधी त्यांच्यापुढे एक कागद ठेवावा असे आम्ही सुचवतो. २०१९ पासून आजपर्यंत कोणकोणत्या पक्षात होतात आणि का बदललात, हे त्यावर त्यांनी स्वतः लिहावे. ऑक्टोबर २०२२ ला जे सदस्य होते त्यांनी अध्यक्षपदाला मत कुणाला दिले तेही लिहावे. समाजकल्याणच्या वीस टक्के सेस निधीतून आपल्या वस्त्यांत काय झाले याचा हिशेब त्याच कागदाच्या मागच्या बाजूला मावेल. तो कागद विहाराच्या फलकावर लावायचा आणि शक्य असेल तिथे शेजारच्या पाड्यावरच्या आदिवासी संघटनांनाही द्यायचा. शहादा, तळोदा आणि नवापूरच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या गणाची यादी आधी तयार करावी. अक्कलकुवा आणि धडगावला आपली घरे थोडी आहेत, तिथे हे काम आदिवासी मित्रांना बरोबर घेऊनच करावे लागेल.